एकतीस काटेरी, सात बिनकाट्यांचे

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजनहो, आणि माझ्या वर्गातल्या मुलामुलींनो,

साठी ओलांडलेल्या माणसांना ‘मुलामुलींनो’ म्हणताना संकोच वाटेल असं सकाळी वाटलं होतं. पण मघाशी चहाच्या रांगेत ज्या धक्काबुक्कीने आपण उभे होतो ती बघून संकोच गेला.

संयोजकांनी मला बजावून सांगितलंय, “बँकेवर बोलू नकोस, नातवंडांवर बोलू नकोस, पंधरा मिनिटं गुलाबांवर बोल.” माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांची बातमी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्याच एका मैत्रिणीने फोडली. तेव्हापासून मला ‘गुलाबवाली’ म्हणतात. शाळेत मला काय म्हणत होते ते इथे सांगत नाही, त्या मानाने ही बढतीच आहे.

पण गुलाबांची गोष्ट सांगायची तर सुरुवात शाळेपासूनच करावी लागेल, कारण मी सरांचं एक देणं लागते. आपले जीवशास्त्राचे सर समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतंय.

वर्ष १९७८, आपण दहावीत होतो. सरांनी मेंडेल शिकवला. ब्रनोच्या मठातला तो साधू, त्याची वाटाण्याची झाडं, गोल दाणे आणि सुरकुतलेले दाणे. दोन्हींचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे गोलच. सुरकुती गेली कुठे? ती गेलेली नसते, लपलेली असते. दुसऱ्या पिढीत चारातल्या एकात परत वर येते. सरांनी फळ्यावर मेंडेलचे खरे आकडे लिहिले होते : ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. आणि विचारलं होतं, “बरोबर तीनास एक आहे का?” आपण सगळे एका सुरात “हो सर!” सर म्हणाले, “भागून बघा.” दोन पूर्णांक शहाण्णव शतांश आलं.

मग सरांनी घरचा अभ्यास दिला. दोन नाणी घ्यायची, दोनशे वेळा एकदम उडवायची. एक नाणं म्हणजे आईकडून आलेला गुण, दुसरं म्हणजे वडिलांकडून आलेला. दोन्हींवर छापा आला असं किती वेळा झालं ते लिहायचं. एकावर जरी काटा पडला तरी तो दुसऱ्या रकान्यात.

मी वीस वेळा नाणी उडवली. मग कंटाळा आला. रेडिओवर काहीतरी चांगलं लागलं होतं. मी वहीत लिहून टाकलं : दोन्ही छापे ५०, बाकी १५०. एकूण २००. अक्षर सुंदर, खाली दोन रेघा.

वही परत आली तेव्हा लाल शाईत दोन ओळी होत्या. “निसर्ग इतका नीट मोजत नाही. पुन्हा मोज.” सरांनी वर्गात नाव घेतलं नाही, छडीही मारली नाही. मी पुन्हा मोजलं नाही, आणि सरांनीही पुन्हा विचारलं नाही. बोर्डाची परीक्षा आली, आपण पांगलो. मी बँकेत लागले. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे पैशापर्यंत जुळवले, पण ते मोजायचं राहिलं ते राहिलंच.

आता गुलाब.

माझं सासर नाशिकचं. मोगलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं हे आपण इतिहासात वाचलंय. आमच्या गच्चीवर बारा-पंधरा कुंड्या होत्या, आणि देवाला रोज घरचं फूल वाहायचं हा सासूबाईंचा नेम. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. २०११ च्या दिवाळीत फूल तोडताना माईंच्या उजव्या हाताच्या बोटात काटा मोडला. माईंना मधुमेह. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही, हळद लावत बसल्या. तिसऱ्या दिवशी बोट काळंनिळं. शेवटी तर्जनीचं पहिलं पेर काढावं लागलं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी सगळ्या कुंड्या काढून टाकायचं ठरवलं. माई म्हणाल्या, “कुंड्या राहू देत. काटा नसलेला गुलाब कुठं मिळतो का ते बघ गं.” हे त्या मला म्हणाल्या, मुलाला नाही. त्यांना माणसांची पारख होती.

मी शोधला. रोपवाटिकांत विचारलं की हसायचे, “मॅडम, बिनकाट्यांचा पाहिजे तर जास्वंद न्या.” दोन ठिकाणी ‘बिनकाट्यांचा’ म्हणून दिलेली रोपं घरी आणली, तर उन्हाळ्यानंतर नव्या फांद्यांवर काटेच काटे. मग मनात आलं, मिळत नाही तर करून बघावा. बँकेतल्या बाईने गुलाबाची नवी जात करायची म्हणजे जरा अतीच, पण वाचायला लागले तेव्हा धीर आला. हे काम करणाऱ्यांत हौशी माणसांची रांगच आहे. हेन्री बेनेट हा इंग्लंडमधला गुरं पाळणारा शेतकरी. गुरांची पैदास जशी आई-बाप निवडून करतात तशी गुलाबांची का करू नये, असा त्याने विचार केला आणि १८७९ मध्ये संकराचे दहा गुलाब एकदम बाजारात आणले. रॉबर्ट बेसाय हे अमेरिकेत टेक्सासला गणिताचे प्राध्यापक. फावल्या वेळात वर्षानुवर्षं ते बिनकाट्यांच्या आणि रोगाला दाद न देणाऱ्या गुलाबांमागे लागले होते. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल, गव्हाच्या तांबेरा रोगावर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. त्यांचा छंद म्हणजे गुलाब. ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाब त्यांचाच. आणि कोडाईकनालला वीरराघवन पती-पत्नी. विरू वीरराघवन सनदी नोकरीतले. मणिपूरच्या डोंगरातला मोठ्या फुलांचा रानगुलाब आणि पाणथळ जागी वाढणारा आपला दुसरा रानगुलाब, हे दोन घेऊन उष्ण हवेत टिकतील असे गुलाब ते तयार करत आले.

प्रत्येकाचं वेड वेगळं. कुणाला पाकळीच्या बुडाशी गडद डोळा हवा असतो, कुणाला कळीवर शेवाळासारखी लव, कुणाला हिरवं फूल. निळ्या गुलाबामागे तर पिढ्या गेल्या. पण नुसत्या संकराने निळा गुलाब होत नाही, कारण त्या निळाईला लागणारं रंगद्रव्य गुलाबाच्या अंगातच नाही. जपानमध्ये दुसऱ्या झाडाचं जनुक घालून केलेला गुलाब २००४ मध्ये जाहीर झाला, तोसुद्धा खरं तर जांभळटच आहे. यातून मी एक शिकले. जे अंगात लपलेलं आहे तेच बाहेर काढता येतं, जे नाहीच ते नाही.

मग प्रश्न असा की बिनकाटेपणा गुलाबाच्या अंगात कुठे आहे? मी जगभर शोधत होते आणि तो माझ्या कुंडीत होता. आपल्या वर्गात द्राक्षवाले चार-पाच जण आहेत, त्यांना लगेच कळेल. द्राक्षाला जसा डॉगरीजचा खुंट, तसा गुलाबालाही रानगुलाबाचा खुंट असतो. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. खुंटाला खालून फुटवे येतात आणि ते आपण मोडून टाकतो, कारण ते वरच्या कलमाचं अन्न खातात. २०१२ च्या पावसाळ्यात असाच एक फुटवा मी हाताने ओढून मोडला आणि मोडल्यावर लक्षात आलं की हाताला काही टोचलं नाही. मल्टिफ्लोरा नावाच्या रानगुलाबाचा तो बिनकाट्यांचा खुंट होता. कित्येक वर्षं मी जे मोडून फेकत होते, तेच मला हवं होतं. त्या वर्षी तो फुटवा मोडला नाही, वाढू दिला. थंडी सरताना फेब्रुवारीत त्यावर झुबक्याने पांढरी फुलं आली. पाच पाकळ्या, रुपयाएवढं फूल, वर्षातून एकदाच. पण काटा नाही.

आता संकर कसा करतात ते थोडक्यात सांगते, कारण मघापासून दोघीजणी विचारताहेत. जे झाड आई करायचं त्याची उद्या उमलेल अशी कळी घ्यायची. पाकळ्या काढायच्या. आतले पुंकेसर चिमट्याने सगळे काढायचे, पराग सुटायच्या आत, नाहीतर दुसऱ्याचा येण्याआधी तिथे घरचाच पोचतो. मग वर कागदाची पिशवी बांधायची. बापाच्या फुलातले परागकोश वाटीत घालून रात्रभर सावलीत ठेवायचे, सकाळी ते फुटतात आणि पिवळी धूळ सुटते. आईची कुक्षी चिकट झाली की ती धूळ ब्रशने किंवा बोटाने लावायची, दुसऱ्या दिवशी परत लावायची. चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची हे पहिल्याच वर्षी कळलं, पेनाची शाई एका पावसात जाते आणि मग कोण कुणाचं ते देवालाच ठाऊक. फळ धरलं तर तीन-साडेतीन महिन्यांनी पिकतं. बिया काढून ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या, कारण गुलाबाच्या बीला थंडीचा काळ गेल्याशिवाय जाग येत नाही. माझ्या बिया जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत लोण्याच्या शेजारी डब्यात असायच्या. आमच्या ह्यांनी एकदा तो डबा शेंगदाणे समजून उघडला आणि तेव्हापासून त्यावर ‘खाऊ नये’ असं लिहिलेलं आहे.

मी पहिला संकर केला तो घाईचा. बाप म्हणून ‘ग्लॅडिएटर’ घेतला, आपल्या बाजारात वर्षानुवर्षं दिसणारा तो मोठा लाल गुलाब. वाटलं, थेट मोठं लाल बिनकाट्यांचं फूल मिळेल. एक रोप जगलं. अंगभर काटे. त्याला फुलं यायला दोन वर्षं लागली आणि फळ म्हणून धरत नव्हतं. कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी कारण सांगितलं. मल्टिफ्लोरात गुणसूत्रं १४, बाजारातल्या मोठ्या गुलाबात २८. त्यांच्या पोराला येतात २१, आणि एकवीसचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून बी धरत नाही. त्या म्हणाल्या, “चौदावाल्याशी चौदावालाच बघा. बटण गुलाब घ्या, त्यातले बरेच चौदाचे असतात.”

२०१५ मध्ये बटण गुलाबाशी संकर केला. तो बुटका, काटेरी, पण बारमाही फुलणारा. अकरा रोपं आली. अकराच्या अकरा काटेरी. शिवाय त्यांना पहिल्या वर्षी एकही फूल नाही, म्हणजे बारमाहीपणाही गेला. चार वर्षं हातात काय, तर दोन्हीकडचे नको ते गुण. त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, काढून टाका सगळं.

रात्री झोप लागेना. आणि मला सरांचा फळा आठवला. पहिल्या पिढीत सगळे गोलच. सुरकुती गेलेली नसते, लपलेली असते. चाळीस वर्षांपूर्वी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं उत्तर मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. अकराच्या अकरा काटेरी आले ही वाईट बातमी नव्हती, मेंडेल म्हणतो तसंच चाललं होतं. प्रत्येक रोपाच्या पोटात एक काटा होता आणि एक बिनकाटा. एक नाणं काट्याचं, एक छाप्याचं.

मी ती अकरा झाडं ठेवली. २०१७ मध्ये ती फुलली तेव्हा त्यांचाच पराग त्यांना लावला. एकही फळ धरलं नाही. अशा बऱ्याच रानगुलाबांना स्वतःचा पराग चालत नाही हे तेव्हा कळलं. आणखी एक वर्ष गेलं. २०१८ मध्ये एकाचा पराग दुसऱ्या भावंडाला लावला, आणि झाड लाल मण्यांसारख्या फळांनी भरलं. ११२ बिया निघाल्या. नोव्हेंबरात पेरल्या, ४६ उगवल्या. आठ रोपं मुळाशी कुजून कोलमडली. उरली ३८.

कोवळ्या रोपाला काटे लगेच येत नाहीत, म्हणून मी वर्षभर थांबले. काटा म्हणजे काय हेही सरांनी शिकवलं होतं. बोगनवेलीचा काटा म्हणजे बदललेली फांदी, गुलाबाचा काटा म्हणजे सालीचा उंचवटा, म्हणून तो बाजूला दाबला की कट्कन सुटतो. एकेका रोपावरून भिंग फिरवून मी मोजलं. एकतीस काटेरी. सात बिनकाट्यांचे.

तीनास एक धरलं तर साडेनऊ यायला हवे होते. आले सात. आणि जी आठ रोपं कुजून गेली ती कुठल्या रकान्यातली होती हे मला कधीच कळणार नाही. पण सर, मी वहीत सातच लिहिलं. नऊ लिहायचा मोहसुद्धा झाला नाही, कारण हे सात मी स्वतः मोजले होते.

बारमाहीपणाही असाच लपलेला गुण आहे, त्याची खूण मात्र फार लवकर दिसते. जे रोप बारमाही व्हायचं असतं ते वीतभर व्हायच्या आतच कळी दाखवतं. सातांपैकी दोघांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये कळी धरली. त्यातलं एक मे महिन्यात लाल कोळ्याने खाल्लं. दुसरं उरलं.

त्याचं पहिलं फूल मी माईंच्या हातावर ठेवलं. फिकट गुलाबी, दहा-बारा पाकळ्या, बटणापेक्षा थोडं मोठं. माईंनी आधी देठावरून उरलेलं अर्धं बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर. मग नाकाशी धरलं. मी श्वास रोखून उभी. म्हणाल्या, “वास बेताचाच आहे. पण देवाला पोचेल.” त्यानंतर तीन वर्षं त्या स्वतःच्या हाताने त्या झाडाची फुलं तोडत होत्या. २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

इथे थांबले तर गोष्ट छान होते. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

झाडाची बातमी पसरली. डोळे भरून मी आठ-दहा कलमं केली होती, ओळखीच्यांना दिली होती. एक रोपवाटिकावाले घरी आले. झाड पाहिलं, हात फिरवला, म्हणाले, “मॅडम, सगळी कलमं आणि हक्क मला द्या. पन्नास हजार देतो. ‘शंभर टक्के बिनकाट्यांचा बारमाही गुलाब’ म्हणून विकतो.” पन्नास हजार ही रक्कम तेव्हा मला लहान नव्हती, ह्यांची बायपास नुकतीच झाली होती. मी म्हटलं, पावसाळा जाऊ द्या, मग बोलू.

त्या पावसाळ्यात झाडाच्या बुडातून एक जोमदार फुटवा आला, माझ्या उंचीचा. सकाळी कुंडी सरकवताना तळहाताला टोचलं. मी भिंग आणलं. त्या फुटव्याच्या खालच्या हातभर भागात पाच काटे होते. बारीक, पण काटेच. मग पानं उलटी करून बघितली, मधल्या शिरेखालीही कुठे कुठे बारकी कुसं होती. फुलांच्या फांद्यांवर काहीच नाही. म्हणजे माईंना कधी टोचलं नसतं. पण ‘शंभर टक्के’ म्हणता येणार नव्हतं.

मी त्यांना फोन केला, सांगितलं. ते हसले. “अहो, तेवढे काढून टाका नखाने. फोटोत कुठं दिसतात? गिऱ्हाईक काय भिंग घेऊन बसतंय?” मी म्हटलं, पाटीवर ‘फुलांच्या फांद्या बिनकाट्यांच्या, बुडाच्या जोमदार फुटव्यावर थोडे काटे येतात’ असं लिहा. ते म्हणाले, असं लिहिलं तर कोण घेणार?

दोन दिवस मी विचार करत होते. खोटं बोलू नये हे आपल्याला सगळ्यांनाच शिकवलेलं असतं, त्याने काही फार अडत नाही. मला अडवलं ते एका साध्या चित्राने. कुणाच्या तरी घरी, कुणीतरी मधुमेही बाई, ‘शंभर टक्के’ हा शब्द वाचून बिनधास्त बुडाशी हात घालते आहे. आणि कानात लाल शाई : पुन्हा मोज.

मी नाही म्हटलं. ह्यांना भीत भीत सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, “पाच मोजलेस की साडेपाच?”

नंतर वाचनात आलं की १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने खुद्द मेंडेलचे आकडे तपासले. ते अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की नुसत्या योगायोगाने असं होणं अवघड, असं त्याने दाखवलं. त्याला संशय मेंडेलचा नव्हता, साहेबांना काय हवंय ते ओळखणाऱ्या एखाद्या मदतनिसाचा होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मेंडेलचा सिद्धांत मात्र हजार ठिकाणी पुन्हा पुन्हा मोजून खरा ठरला. मला वाचून हसू आलं. म्हटलं, त्या मठातही माझ्यासारखी एखादी मुलगी असावी, जिला वीस वाटाणे मोजल्यावर कंटाळा आला.

आता शेवटचं. बाहेर व्हरांड्यात खोक्यांमध्ये बेचाळीस काळ्या पिशव्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत त्या झाडाची मुळं फुटलेली एकेक काडी आहे. ती स्वतःच्याच मुळांवर आहे, त्यामुळे खालून जो फुटवा येईल तो त्याच झाडाचा, मोडू नका. सकाळचं ऊन द्या, पाणी साचू देऊ नका, भुरी दिसली तर आपल्या द्राक्षवाल्यांना विचारा. ऑक्टोबरात हलकी छाटणी करा, द्राक्षासारखी खरड छाटणी करू नका. आणि एक काम करा. दर पावसाळ्यानंतर काटे मोजा. कुठे आले, किती आले, ते ग्रुपवर कळवा. धुळ्याच्या उन्हात किती, महाबळेश्वरच्या थंडीत किती, आपला एक मित्र मस्कतहून आलाय त्याच्या बाल्कनीत किती, तेही कळेल. त्याला नेता आलं नाही तर त्याचं रोप मी सांभाळेन, तिथल्या कुंड्यांचे नियम त्याने बघावेत. शून्य आलं तर शून्य लिहा. सात आले तर सात लिहा. मला बरं वाटावं म्हणून कुणी कमी सांगू नका.

नाव काय, असं सगळे विचारतात. आमच्या ह्यांना वाटत होतं ‘माई’ ठेवावं. माईंना ते आवडलं नसतं, देवाला वाहायच्या फुलाला माणसाचं नाव कशाला असं म्हणाल्या असत्या. चिठ्ठीवर मी पेन्सिलीने लिहिलंय, ‘एकतीस-सात’.

आणि सर, मेळाव्याची तारीख ठरली त्या रात्री मी देवघरातली दोन नाणी घेतली आणि जेवणाच्या टेबलावर बसले. ह्यांनी मोजायला मदत करतो म्हटलं, मी नको म्हटलं. दोनशे वेळा उडवली. पाऊण तास लागला. दोन्ही छापे ४३. एकावर तरी काटा १५७.

वही जुनी राहिलेली नाही, म्हणून कागदावर लिहून आणलंय. सेहेचाळीस वर्षं उशीर झालाय. तपासून द्याल?